आत शोधून काहीच सापडत नाही, तेव्हा

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

पत्रलेखिकेचं वय ५३. सासूबाईंना स्मृतिभ्रंश असल्याचं निदान झालं तेव्हा त्यांनी हिशेब विभागातली नोकरी सोडली आणि पुढची नऊ वर्षं सासूबाईंचं सगळं स्वतः केलं. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात, नवरा समजूतदार पण कामात बुडालेला. ‘सकाळी उठायचं कशासाठी, हेच कळत नाही,’ असं त्या लिहितात. एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून आठ महिन्यांपूर्वी त्यांनी आत्मपरीक्षण सुरू केलं. रोज रात्री वही घेऊन ‘मी कोण आहे? माझ्या जगण्याचा हेतू काय?’ याची उत्तरं लिहायची आणि सकाळी आरशासमोर ‘मी मौल्यवान आहे’ असं दहा वेळा म्हणायचं. चार वह्या भरल्या. ‘प्रत्येक पान माझ्या चुकांच्या यादीवर येऊन थांबतं. एवढं खणूनही काही हाती लागत नाही, म्हणजे आत काही नाहीच का?’ असा त्यांचा प्रश्न आहे. त्यातच नणंदेचा फोन आला. एकट्या राहणाऱ्या चुलत सासऱ्यांना आता सोबतीला माणूस लागणार आहे, आणि ‘तू तर आता मोकळीच आहेस.’ हो म्हणावं, पुन्हा नोकरी शोधावी, की आधी स्वतःला ओळखून घ्यावं? पत्राच्या मध्यावर, कंसात, आणखी एक ओळ आहे: ‘(आई गेल्या त्या रात्री मी सलग आठ तास झोपले. हे कुणाला सांगितलेलं नाही.)’

उत्तर

ताई, नमस्कार.

त्या कंसातल्या ओळीपासूनच सुरुवात करते. अख्ख्या पत्रात मला तीच सगळ्यांत खरी वाटली. बाकीचं पत्र विचार करून, शब्द निवडून लिहिलेलं आहे. ही ओळ मात्र हातून निसटलेली दिसते, आणि निसटल्यावर घाईघाईने कंसात कोंबलेली. माझा अंदाज असा आहे की भरलेल्या चार वह्यांत ती कुठेच नसेल.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाजवळ झोपणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. माणूस मध्यरात्री उठतो, ‘मला माझ्या घरी जायचंय’ म्हणत दाराची कडी शोधतो, आणि उभा असतो तो स्वतःच्याच घरात. सांभाळणाऱ्याचा एक कान कायम जागा राहतो. तुमच्या त्या कानाला नऊ वर्षांनी पहिल्यांदा सुट्टी मिळाली आणि शरीर झोपलं. तुम्ही ते गुन्ह्यासारखं लपवून ठेवलंय. अमेरिकेत रिचर्ड शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला घरी सांभाळलेल्या, आणि तो रुग्ण गेलेला आहे, अशा २१७ नातेवाइकांचा तो अभ्यास होता. त्यांतल्या ७२ टक्के लोकांनी सांगितलं की मृत्यूने आपल्याला सुटल्यासारखं वाटलं. रुग्णाची सुटका झाली असं मानणारे तर ९० टक्क्यांहून जास्त होते. या लोकांनी माया केली नव्हती असं कोण म्हणेल? सुटल्यासारखं वाटणं आणि रडू येणं एकाच घरात, एकाच दिवशी नांदतं. फक्त एकाबद्दल बोलायची मुभा असते, दुसऱ्याबद्दल नसते.

आणखी एक. आई दीड वर्षापूर्वी गेल्या असं तुम्ही लिहिता. तुमच्यापुरत्या त्या त्याच्या कितीतरी आधीपासून थोड्याथोड्या जात होत्या. ज्या दिवशी त्यांनी तुम्हाला पहिल्यांदा ‘तुम्ही कोण?’ विचारलं असेल, त्या दिवशी कुणी तुमच्या भेटीला आलं नसेल. माणूस समोर बसलेला असतो आणि तरीही हरवलेला असतो, अशा नुकसानीवर पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक १९७० च्या दशकापासून काम करत आल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं की या दुःखाला ठरलेला निरोप नसल्यामुळे ते गोठून राहतं. तुम्ही ज्याला ‘जगण्याचा हेतू हरवला’ म्हणता, त्यातला बराचसा भाग हा अडकून पडलेला शोक आहे असं मला वाटतं. हेतूचा शोध घेत बसलं की शोकाकडे बघावं लागत नाही, ही एक सोय झाली. कदाचित म्हणूनच तो शोध इतका लांबला.

आता वह्यांकडे येऊ.

आत्मपरीक्षण चांगलं की वाईट, हा प्रश्न अर्धवट आहे. ते कोणत्या भावनेतून चाललंय यावर सगळं ठरतं. १९९९ मध्ये पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी स्वतःकडे बघण्याचे दोन प्रकार वेगळे केले. एक कुतूहलातून येतो: ‘मी असं का वागले बरं, गंमतच आहे.’ दुसरा भीती, नुकसान किंवा अन्यायाच्या भावनेतून येतो आणि तेच तेच उगाळत राहतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हीकडे माणूस शांत बसलेला असतो, हातात वही असते, चेहरा गंभीर असतो. पहिल्यातून माणूस थोडा शहाणा होऊन उठतो, दुसऱ्यातून थकून. तुम्ही रोज रात्री थकून उठता.

तुमची वही हे न्यायालय झालंय. आरोपी तुम्ही, फिर्यादी तुम्ही, निकाल देणाऱ्याही तुम्हीच. साक्षीदार मात्र एकही बोलावलेला नाही. आणि हे न्यायालय भरतं रात्री, जेव्हा दिवसभराचा शीण अंगात असतो आणि कुठलीही चूक दुप्पट मोठी दिसते. अशा ठिकाणी चार काय, चाळीस वह्या भरल्या तरी निकाल तोच लागणार. त्यामुळे ‘इतकं शोधून काही सापडलं नाही’ हे तुमच्या आत काही नसल्याचं लक्षण मी मानत नाही. शोधण्याची वेळ, जागा आणि प्रश्न तिन्ही चुकले, एवढंच त्यातून कळतं.

प्रश्न कसा चुकला, ते सांगते. ‘माझ्या जगण्याचा हेतू काय?’ या प्रश्नात हेतू आत कुठेतरी पुरून ठेवलाय आणि नीट खणलं की वर येईल, असं गृहीत धरलेलं आहे. तुमच्या स्वतःच्या आयुष्यात असं कधी झालंय का, आठवून बघा. हिशेब विभागात रुजू झालात तेव्हा ‘आकडे जुळवणं हा माझा जीवनहेतू आहे’ असा साक्षात्कार झाला होता का? नोकरी मिळाली, ती केली, करता करता हातोटी आली, मग ते काम आपलं वाटू लागलं. सासूबाईंचंही तसंच. निदानाच्या दिवशी तुम्ही बहुधा घाबरल्या होता, तेव्हा कसला हेतू आणि कसलं काय. तो नंतर आला, रोजच्या करण्यातून. म्हणजे दोन्ही वेळा करणं आधी होतं आणि अर्थ मागाहून लागला. आता मात्र तुम्ही स्वतःला सांगताय की आधी अर्थ सापडू दे, मग मी काहीतरी करेन. हा उलटा क्रम तुम्हाला कुणी शिकवला? (आत्मशोधावर बोलणाऱ्यांचं सध्या पेवच फुटलंय, त्यांच्यावर माझा थोडा संशय आहे.)

याहून खोल एक गाठ आहे. तुमच्या पत्रात ‘माझा काही उपयोग नाही’ आणि ‘मला काही किंमत नाही’ ही दोन वाक्यं लागोपाठ येतात, जणू एकच गोष्ट दोनदा सांगितली. नऊ वर्षं तुमची किंमत उपयोगावरच मोजली गेली. मोजणारे दुष्ट नव्हते, ते कौतुकच करत होते: ‘तुझ्याशिवाय या घराचं पानही हलत नाही.’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी, की पान हलवायचं काम संपलं की ऐकणारीला स्वतःचं काय करायचं ते कळत नाही. जगण्याला काही हेतू असणं आणि स्वतःला आहोत तसं मान्य करणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये मानसिक स्वास्थ्याचे सहा पैलू मांडले, त्यांतही हे दोन पैलू स्वतंत्र आहेत. एकात पडझड झाली म्हणून दुसऱ्याची होतेच असं नाही. सध्या तुमच्याकडे काम नाही, ही वस्तुस्थिती आहे आणि त्यावर उपाय करता येतो. त्यामुळे तुम्ही कमी झालात, हा मात्र तुम्ही काढलेला निष्कर्ष आहे. तुमच्या सासूबाईंच्या शेवटच्या वर्षांत त्यांचा कुणाला काय उपयोग होता? तरी तुम्ही त्यांना किंमत देत होता ना? त्यांचे केस विंचरताना हिशेब केला नव्हतात. मग हा न्याय फक्त स्वतःला लागू करायचा नाही, असं का?

आरशासमोरचं वाक्य आजपासून बंद करा. ते तुम्हाला जमत नाही यात तुमचा दोष नाही. कॅनडात जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितलं, तर त्यांना आणखी वाईट वाटलं. कारण समजण्यासारखं आहे. आपण एक वाक्य म्हणतो आणि आतून लगेच दहा हरकती निघतात. म्हणजे रोज सकाळी तुम्ही स्वतःच्या विरोधातला खटला नव्याने उघडत होता.

मग आत्मपरीक्षण सोडूनच द्यायचं का? नाही. रात्रीची वही मात्र निदान दोन महिने बंद ठेवा. त्याऐवजी काय करता येईल ते सांगते. यातलं सगळं एकदम करायचं नाही.

पहिलं काम त्या कंसाचं. जेम्स पेनबेकर आणि सॅन्ड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यांत त्रासदायक अनुभवाबद्दल लिहायचं. व्याकरण बघायचं नाही, थांबायचं नाही. लिहिल्यावर लगेच त्यांना बरं वाटलं नाही, उलट उदासच वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचं आजारपणासाठी दवाखान्यात जाणं इतरांपेक्षा कमी झालं. त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले आणि सगळे मिळून परिणाम माफकच दिसतो, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे मर्यादा: चार दिवस, पंधरा मिनिटं, मग बंद. तुम्ही आठ महिने लिहिलंत आणि तरी मुख्य गोष्ट टाळलीत. आता चार दिवस फक्त तिच्याबद्दल लिहा. त्या आठ तासांच्या झोपेबद्दल. आईंवर ओरडला असाल तर त्याबद्दल. बाकीचे नातेवाईक सणासुदीला येऊन सल्ले देऊन गेले त्या रागाबद्दल. नोकरी सोडताना कुणी ‘तुला सोडायची आहे का?’ असं विचारलं होतं की नाही, त्याबद्दल. दुपारी लिहा, रात्री नको. कागद कुणाला दाखवायचे नाहीत, ठेवायचेही नसतील तर फाडून टाका. लिहिता लिहिता फारच कोसळल्यासारखं झालं तर थांबा, विषय बदला; हा हट्टाने पूर्ण करायचा उपक्रम नाही.

लिहिताना ‘मी’ अडायला लागला तर स्वतःला नावाने हाक मारून लिहा, जसं मैत्रिणीबद्दल लिहाल तसं: ‘तिने त्या दिवशी असं केलं, कारण ती तीन रात्री झोपली नव्हती.’ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव वापरलं, तर ताणाच्या प्रसंगात माणूस जरा अंतरावरून विचार करू शकतो. सुरुवातीला हास्यास्पद वाटेल, वाटू दे. ‘कारण’ हा शब्द आपण इतरांसाठी किती सढळपणे वापरतो आणि स्वतःसाठी किती कंजूषपणे, हे त्या निमित्ताने दिसेल.

दुसरं काम नोंदींचं, पण निकाल न देणाऱ्या नोंदींचं. एक छोटी वही जवळ ठेवा आणि दिवसभरात तीन प्रकारच्या गोष्टी टिपा, एकेका ओळीत. वेळ कसा गेला ते कळलं नाही असं कधी झालं? चीड कशाची आली? आणि हेवा कुणाचा वाटला? हेवा वाटणं बरं नाही असं आपल्याला शिकवलेलं असतं, पण इच्छा दबलेल्या माणसाला तो वाट दाखवतो. शेजारणीच्या नव्या घराचा हेवा वाटत नाही पण तिच्या परीक्षेच्या अभ्यासाचा वाटतो, यातून पुष्कळ कळतं. ज्याने वर्षानुवर्षं दुसऱ्याची गरज आधी ओळखली, त्याला ‘तुला काय आवडतं?’ असं विचारलं तर उत्तरच येत नाही. ती सवय मोडलेली असते. अशा माणसाने आवड आठवत बसू नये, दिवस चालू असताना तिला रंगेहाथ पकडावं. नोंदी आठवड्यातून एकदाच, दिवसाउजेडी वाचा. एका आठवड्यात काही दिसणार नाही. पाच-सहा आठवड्यांनी काही ओळी पुन्हा पुन्हा येताना दिसतील.

तिसरं, साक्षीदार बोलवा. तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या दोन-तीन जणांना विचारा. ‘मी कशी आहे?’ असं नको, त्यावर लोक ‘छान आहेस’ म्हणून मोकळे होतात. असं विचारा: ‘मी केलेली एखादी गोष्ट तुला कधी उपयोगी पडली आणि अजून आठवते, अशी आहे का?’ त्यातला एक जण तरी घराबाहेरचा असावा. जुन्या कचेरीतलं कुणी असेल तर उत्तम. ऐकून घ्या, मध्ये ‘छे, त्यात काय’ म्हणू नका. हे तुम्हाला सगळ्यांत अवघड जाईल असा माझा कयास आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सांगते, कारण अशी पत्रं बरीच येतात. निवृत्त झालेले, मुलं घराबाहेर पडलेले आईबाप, दुखापतीमुळे खेळ सुटलेली तरुण मुलं, कंपनीने एका दुपारी घरी पाठवलेली माणसं. प्रत्येकाला वाटतं आपला प्रश्न वेगळा आहे. तपशील वेगळे असतात खरे. पण एका भूमिकेने दिवसाचे सगळे तास आणि आपल्याबद्दलचं सगळं मत व्यापलं असेल, तर ती गेल्यावर जे रितेपण येतं ते बरंचसं सारखं असतं. त्या रितेपणाला लगेच दुसऱ्या भूमिकेने भरायची घाई जवळजवळ सगळ्यांना होते.

त्यावरून तुमच्या तीन पर्यायांकडे येते. त्याआधी एक गोष्ट, जी मोठ्या निर्णयांच्या आधी व्हायला हवी. डॉक्टरांकडे जा. सकाळी उठायचं कारण न सापडणं हा विचार असू शकतो, तसाच आजारही असू शकतो. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस, मन उदास राहत असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, त्याबरोबर झोप-भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असं सतत वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. शोक फार लांबला आणि तीव्रच राहिला तर त्यालाही आता वैद्यकीय निदान म्हणून स्थान आहे. शिवाय तुमच्या वयात रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल, थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता यांनीही माणूस असाच मलूल होतो. दुसऱ्याच्या तपासण्या नऊ वर्षं न चुकता करून घेणाऱ्या बाईने स्वतःचं रक्त शेवटचं कधी तपासलं, हे मला जाणून घ्यायला आवडेल. आणि ‘नसते तर बरं’ असे विचार येत असतील, पुसट का होईना, तर वाट बघू नका. त्याच दिवशी नवऱ्याला सांगा आणि डॉक्टरांना गाठा.

नोकरी. ५३ व्या वर्षी परत जावं का, याचं उत्तर ‘त्यातून हेतू सापडेल का’ यावर ठरवू नका. नोकरीवर इतकं ओझं टाकलं तर पहिल्याच कंटाळवाण्या दुपारी ती नापास होईल. साधे प्रश्न विचारा: स्वतःचे पैसे हवेत का? घराबाहेर पडायला ठरलेली वेळ हवी का? चार माणसं भेटायला हवीत का? एवढ्यासाठी नोकरी करणं पूर्ण प्रतिष्ठेचं आहे. नऊ वर्षांत करांचे नियम बदलले, हिशेबाची सॉफ्टवेअर बदलली, हे खरं आहे आणि त्याची भीती वाटणं योग्य आहे. पण डेबिट-क्रेडिट बदललेलं नाही. आधी एखादा छोटा अभ्यासक्रम करा, किंवा ओळखीच्या छोट्या व्यवसायाचे, संस्थेचे हिशेब तीन महिन्यांसाठी हाती घ्या. तीन महिने ही मुदत आधीच जाहीर करा, म्हणजे सोडताना अपयश वाटणार नाही आणि चालू ठेवताना तो तुमचा निर्णय असेल. अर्ज लिहिताना मधल्या नऊ वर्षांपुढे नुसतं ‘घरी होते’ लिहू नका. औषधांचं वेळापत्रक, खर्चाच्या नोंदी, तीन-चार डॉक्टरांचा मेळ, मदतनिसांची नेमणूक, रात्री अचानक उभं राहिलेलं संकट; हे सगळं तुम्ही चालवलंत, ते तसंच लिहा.

‘आधी स्वतःला ओळखून घ्यावं’ हा पर्याय मला स्वतंत्र वाटतच नाही. ते ओळखणं बाकीच्या दोन्हींच्या आत, करता करता होईल. ती एखादी पायरी नाही, जी चढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

राहिले काका. तुम्हाला हो म्हणायचा मोह होतोय हे पत्रात दिसतं, आणि तो मोह समजण्यासारखा आहे. हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी उठायला कारण मिळेल, सगळे पुन्हा म्हणतील की तुझ्याशिवाय कुणाला जमणार. जे काम येतं ते परत करायला मिळणं यात वाईट काही नाही. कुणी विचारलं की ‘रुग्णसेवा हीच माझी आवड असेल तर?’, तर असूही शकेल. काही जणांची असते, आणि त्या अनुभवाच्या जोरावर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कुटुंबांना आधार देणाऱ्या गटात काम करणारे लोक आहेत. तिथे वेळ ठरलेली असते, सोबत इतर असतात, आणि संध्याकाळी घरी जाता येतं. नणंदबाईंच्या प्रस्तावात यातलं काहीच नाही. तो प्रस्ताव काकांना काय हवंय यावरून सुरू झालेला नाही, तुम्ही रिकाम्या आहात यावरून सुरू झाला. त्यांना दोष देत नाही. ज्याने एकदा भार उचलला त्याच्याकडेच सगळे बघतात. पण आत्ता, शोक तसाच असताना आणि तब्येत तपासलेली नसताना, दुसरी पूर्णवेळ जबाबदारी घेतलीत तर पाच-सात वर्षांनी याच प्रश्नापाशी याल, वय तेवढं वाढलेलं असेल.

माझं मत: पूर्णवेळ नको. आणि नाही म्हणताना कारणांची माळ लावू नका, कारण प्रत्येक कारणावर समोरून उपाय येतो. फोनवर बोलता बोलता ‘बघते’ म्हणून टाकाल अशी भीती असेल तर आधी नवऱ्याशी बोलून घ्या. काका त्यांचे काका आहेत, तेव्हा हा विषय त्यांनीही मांडायला हवा. मग नणंदबाईंना एवढंच सांगा: ‘काकांकडे मुक्कामाला राहणं मला जमणार नाही. पण मदतनीस कसा शोधायचा, काय विचारायचं, औषधांचा तक्ता कसा लावायचा हे मला येतं. रविवारी सगळे बसू, मी ते ठरवून देते. आठवड्यातली एक दुपार माझी, बाकीचे दिवस कुणाकुणाचे ते तेव्हाच वाटून घेऊ.’